चुकलेली दीर्घिका

कळवणच्या बसस्टँडमागच्या गल्लीत कारभारी देवरेचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती मोटारसायकलच्या मागे बांधून त्याच्याकडे आणतात. तो आतली जळकी तार उकलतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश देऊन सुकवतो. हात सफाईचा, पण माणूस भित्रा, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातला, तरी तारेला हात लावण्याआधी तो टेस्टर लावून बघणार. मग पुन्हा एकदा बघणार. लोक हसतात. "अरे कारभारी, गावाची लाइट गेलेली हाय सकाळपासून!" तो मान वर न करता म्हणतो, "येताना सांगून येते का ती?"

ही भीती त्याला जन्मापासून नव्हती. तरुणपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ सोमनाथ मिळून वायरमनची कामं करायचे. एका दुपारी सोमनाथ खांबावर चढला होता. लाइन बंद केलेली होती, तसं सांगितलेलंही होतं. कारभारी खाली शिडी धरून उभा होता आणि दोघं संध्याकाळी जत्रेला जायचं ठरवत होते. कुणीतरी कुठेतरी लाइन चालू केली. सोमनाथचं वाक्य अर्ध्यात तुटलं. ना ओरडला, ना काही. कारभारीने वर बघितलं तोवर सगळं होऊन गेलं होतं.

तेव्हापासून न सांगता, अचानक येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा त्याने धसका घेतला. अवेळी फोन वाजला की तो बायकोला उचलायला लावी. गिरणेला पाणी आलं की तो पोरीला पुलाकडे फिरकू देत नसे. पोर एकुलती एक, हर्षाली. बायको लंकाबाई त्याच्या अगदी उलट, बेधडक. ती म्हणायची, "तुमच्या भ्यानं पोरगी घराच्या बाहेर पडायची नाय कधी." पण पोरगी पडली बाहेर. कळवणला बारावी, नाशिकला कॉलेज, आणि मग पुण्याच्या एका संस्थेत पीएचडी.

आणि विषय तरी कोणता निवडावा! पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिने तो समजावून सांगितला.

"अण्णा, आकाशातून कधीकधी रेडिओ लहरींचा एक झटका येतो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो ना, त्याच्याही कितीतरी कमी वेळात संपतो. पण तेवढ्यात इतकी शक्ती बाहेर पडते की आपल्या सूर्याला तेवढी टाकायला कित्येक दिवस लागतील."

"झटका?" कारभारीचा घास हातातच राहिला. "कुठून येतो?"

"दुसऱ्या दीर्घिकांमधून. आपली आकाशगंगा आहे ना, तशा अब्जावधी आहेत. प्रत्येकीत अब्जावधी तारे. झटका आला की तो कुठल्या दीर्घिकेतून आला ते शोधायचं, हे माझं काम."

"येणार हे आधी कळतं का?"

"काही थोडे पुन्हापुन्हा येतात, बाकीचे एकदाच. कधी येईल ते सांगता येत नाही."

"अन् आपल्याला लागला तर?"

हर्षाली हसली. "रोज लागतात, अण्णा. इतक्या लांबून येतात की इथं पोचेपर्यंत काही उरत नाही. आपल्याला कळतसुद्धा नाही."

पोरीला वाटलं, बापाची भीती गेली. पण 'रोज लागतात' हे शब्द कारभारीच्या डोक्यात जाऊन बसले ते बसलेच.

पुढे गेल्या वर्षी तिने अशा एका झटक्याचं घर शोधून काढलं. एक सुंदर, भोवऱ्यासारखी पसरलेली, पन्नास कोटी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका. त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नाशिकच्या पेपरात तिचा फोटो आला, 'कळवणच्या कन्येची भरारी'. लोक दुकानात येऊन कारभारीच्या हातात पेढे ठेवून गेले. विज्ञान दिनाला नाशिकच्या एका कॉलेजात तिचं भाषण ठरलं आणि त्यानंतर कळवणला सत्कार. बॅनर छापायला गेला. कारभारीला आनंद झाला, पण त्याहून जास्त धाकधूक. इतकं सगळं चांगलं एकदम होऊ नये, नजर लागते, असं त्याला आपलं वाटत राहिलं.

हर्षाली तेव्हा थिसिस लिहायला म्हणून नाशिकला गंगापूर रोडला वेदिका नावाच्या मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहत होती. रोज संध्याकाळी फोन करायची. भाषण जवळ आलं तसे फोन आखूड होत गेले. "हो," "नाही," "जेवले," "ठेवते." कारभारीने लंकाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "कामात असंल. तुम्ही उगा जीव नका खाऊ तिचा."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो एक मोटार उघडून बसला होता. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"काका, मी वेदिका. हर्षाली घरी आलीये का कळवणला?"

"नाय. का गं?"

कारभारीने हातातली पक्कड खाली ठेवली.

"ती सकाळी मी उठायच्या आत बाहेर गेली. फोन इथंच टेबलावर आहे, बंद करून ठेवलेला. मला वाटलं, येईल. चार-पाच दिवस झाले काका, नीट जेवत नाहीये. काल म्हणत होती, मी सगळ्यांना तोंडघशी पाडलं. काय झालं विचारलं तर सांगत नाही."

कारभारी उठला. दुकानाचं शटर ओढताना त्याला कुलूप लागेना. बायकोला सांगावं की न सांगावं? त्याने सांगितलं नाही. मोटारीचं सामान आणायला नाशिकला जातो, एवढंच शेजाऱ्याकडे बोलला आणि उभ्या असलेल्या नाशिक गाडीत जाऊन बसला.

गाडी नांदुरीला आली. बसमधल्या बायकांनी देवीच्या गडाकडे बघून हात जोडले. कारभारीनेही जोडले, पण मागायला शब्द सुचेनात. त्याच्या डोळ्यांपुढे राजू यायला लागला. राजू गल्लीतलाच पोरगा, नाशिकला खोली घेऊन परीक्षांचा अभ्यास करायचा. शेवटचा निकाल लागला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. दोन दिवस घरच्यांना वाटत राहिलं, रुसला असेल. राजूच्या बापाबरोबर नाशिकला कारभारीच गेला होता. खोलीचं दार उघडलं तेव्हा तो त्या बापाच्या मागे उभा होता. पुढचं त्याने कधी लंकाबाईलासुद्धा सांगितलेलं नाही.

आज तीच गाडी, तोच रस्ता, आणि यावेळी बाप तो होता.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षांचे ट्रक आडवे लागले आणि गाडी खोळंबली. कारभारी सारखा उठून पुढचा रस्ता बघत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "तब्येत बरी नाय का?" त्याने नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर रडू फुटेल, अशी त्याला धास्ती वाटत होती.

त्याने फोनवर कळवल्याप्रमाणे नाशिकला दिंडोरी नाक्यावर वेदिका स्कूटी घेऊन थांबलेली होती. तिचाही चेहरा उतरलेला. "कॉलेजात बघून आले, लायब्ररीत बघितलं, नाहीये. कधीकधी ती सोमेश्वरला जाऊन बसते, नदीवर. तिथं अजून गेले नाही मी. एकटीला जायला..." तिने वाक्य पुरं केलं नाही. कारभारीला ते पुरं ऐकायचंही नव्हतं.

सोमेश्वरला उन्हाळ्याच्या तोंडी पाणी कमीच होतं, पण खडकांच्या मधे मधे खोल, हिरवे डोह साचले होते. माणसं होती, मक्याची कणसं भाजणारी होती, फोटो काढणारी पोरं होती. कारभारी खडकांवरून एकेक चेहरा बघत पुढे सरकत होता. टोकाच्या खडकावर, पाण्याच्या अगदी कडेला, बायकी चपलांचा एक जोड नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेला होता. आसपास कुणी नाही.

तो थांबला. हर्षालीच्या चपला कशा आहेत, हे तो आठवायला लागला आणि त्याला आठवेना. पोर लहानाची मोठी झाली, आणि तिच्या पायातल्या चपला कशा आहेत ते आपल्याला माहीत नाही! त्याने वेदिकाकडे बघितलं. वेदिकाही चपलांकडेच बघत होती.

"तिच्या आहेत का?" त्याने विचारलं.

"नाही वाटत... काका, मला सांगता येईना."

तो खाली बसला आणि डोहात बघू लागला. तळ दिसत नव्हता. तेवढ्यात मागून एक बाई ओलं पोर काखेत मारून खडकाआडून वर आली. "बाबा, जरा सरका हो. चपला घेऊ द्या."

कारभारी सरकला. त्या बाईच्या पायात चपला गेल्या, ती निघूनही गेली, तरी तो तिथंच बसून राहिला. वेदिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काका, आता पोलीस स्टेशनला जाऊ या. हरवल्याची तक्रार देऊन ठेवू."

हरवल्याची. तो शब्द ऐकून त्याला पुन्हा राजूचं दार दिसलं. स्कूटीपर्यंत तो कसाबसा चालत गेला, आणि तेव्हाच लंकाबाईचा फोन आला. तो घ्यायचीसुद्धा त्याला भीती वाटली. फोन वेदिकाने उचलला आणि त्याच्या कानाला लावला.

"अहो, कुठं हायेत तुम्ही? दुकान बंद करून गेले, सांगून जायचं ना. पोर दुकानापाशी बसेल शे. तुमनी वाट बघी राह्यनी!" लंकाबाई घाईत आली की माहेरची अहिराणी तिच्या तोंडात येई.

"कोण?" कारभारी म्हणाला. "कोण बसलंय?"

"कोण म्हंजे? हर्षाली!"

तो भर रस्त्यात हमसून हमसून रडला. वेदिकाही रडली. मग दोघांनी एका टपरीवर चहा घेतला.

परतीच्या गाडीत तो रागावायची तयारी करत होता. हे बोलायचं, ते बोलायचं. कळवणला उतरला तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. हर्षाली दुकानाच्या ओट्यावर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शटर उघडलं.

"अण्णा," ती आत आल्यावर म्हणाली, "माझी दीर्घिका चुकली."

"चुकली म्हंजे? गाडी चुकती तशी?"

ती हसायला गेली आणि हसता हसता तिला रडू आलं. लंकाबाई पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली.

रडणं ओसरल्यावर हर्षालीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर ती भोवऱ्यासारखी दीर्घिका होती, पेपरात छापून आलेली. "आम्हाला झटक्याची जागा कळली होती, पण साधारण. म्हणजे या एवढ्या गोलात कुठेतरी. त्या गोलात ही ठळक दिसत होती, मी म्हटलं हीच. एक गोष्ट खटकत होती. झटका वाटेत वायूच्या जितक्या पसाऱ्यातून येतो ना, तितक्या त्याच्या खालच्या पट्टीतल्या लहरी मागे पडतात. या जास्तच मागे पडल्या होत्या. म्हणजे तो आणखी लांबचा असायला हवा होता. पण मी म्हटलं, हिच्या आतल्याच वायूमुळे असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं, अण्णा."

"मग?"

"मग तोच झटका परत आला. यावेळी जागा बारीक सापडली. त्या जागेचा खोल फोटो मिळवला." तिने दुसरं चित्र लावलं. दीर्घिकेच्या कडेला, काळ्यात, कुणी बोट लावून पुसल्यासारखा एक फिकट डाग होता. "हिच्यातून आलाय. एक बुटकी दीर्घिका. माझ्या दीर्घिकेच्या कितीतरी मागे, तीनशे कोटी प्रकाशवर्षांवर. माझी मधे उभी होती, एवढंच."

कारभारी त्या डागाकडे बघत राहिला. त्याला एवढंच कळलं की पोरगी जगापुढे काहीतरी चुकीचं बोलून बसली आहे. आणि लगेच त्याची जुनी भीती जागी झाली.

"हे आणखी कोणाला कळलंय?"

"नाही. फक्त मला."

"मग गप राहा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "भाषण होऊन जाऊ दे. सत्कार होऊ दे. कोण जाणारे तिथं बघायला? तीनशे कोटी का काय ते... कुणाला कळतंय?"

हर्षालीने त्याच्याकडे बघितलं. ती रागावली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून कारभारीला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती हेच पाच दिवस स्वतःला सांगत आली होती, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"बेटा," त्याने भीत भीत विचारलं, "तुझ्या मनात भलतंसलतं काही आलं नव्हतं ना?"

तिने लॅपटॉप मिटला. "इकडे येताना मधेच वणीला उतरले होते. स्टँडवर बसून राहिले. घरी नको, नाशिकला नको, कुठंच नको, असं झालं होतं. मग कळवणची गाडी लागली. बसले."

लंकाबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पोरीला जवळ घेतलं. आजवर कशालाही न भिणारी लंकाबाई तिला सोडायला तयार नव्हती.

थोड्या वेळाने हर्षाली म्हणाली, "अंजली मॅडमना फोन करायचाय. माझ्या गाइड. तुमच्या फोनवरून करते. तुम्ही दोघं इथंच बसा."

तिने स्पीकर लावला. मॅडमना सगळं सांगताना तिचा आवाज दोनदा अडकला. कारभारीने मोटारीचं मोकळं कवच दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. सांगून झालं. उत्तर येईपर्यंत कारभारीच्या मनात पोरीचं शिक्षण सुटलं, नाव गेलं, सगळं होऊन गेलं.

"खात्री आहे?" मॅडम म्हणाल्या.

"आहे मॅडम. तीन वेळा तपासलं."

"आणि हे किती दिवस घेऊन बसलीस?"

"पाच."

"पहिल्या दिवशी सांगायचं होतंस. सही माझीही आहे त्यावर, चूक एकट्या तुझी नाही." आवाज कडक होता. मग जरा उतरला. "मला फार वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? दुरुस्ती छापावी लागेल. लोक बोलतील. थिसिसचं ते प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. तू घरी आहेस ना? जेव आधी. सकाळी बोलू."

फोन ठेवल्यावर हर्षाली दुकानातच भिंतीला टेकून झोपून गेली. कारभारी दारात बसून राहिला.

विज्ञान दिनाला ती भाषणाला गेली. आई-बाप तिसऱ्या रांगेत. तिने आधी ती सुंदर दीर्घिका दाखवली, टाळ्या पडल्या. मग म्हणाली, "झटक्याचं घर म्हणून ही मी शोधली असं छापून आलंय. ती चुकीची आहे." सभागृहात कुजबुज झाली. कळवणहून सत्काराच्या गडबडीतली दोघं-तिघं आली होती. ती एकमेकांकडे बघायला लागली. उठून पळावं असं कारभारीला वाटत होतं. हर्षाली पुढे बोलत राहिली, आधी अडखळत, मग बरी. त्या फिकट डागावर आली तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "मग आता ही तरी बरोबर कशावरून?"

"आत्तापर्यंत जे मोजलंय त्यावरून," ती म्हणाली. "आणखी कुणी नीट मोजलं आणि वेगळं निघालं, तर तेही सांगेन."

सत्कार झाला नाही. बॅनर कुणीतरी गुंडाळून ठेवला. गल्लीत एकदोघांनी टोमणे मारले, पेपरात पुन्हा काही आलं नाही, आणि थिसिस लांबला. हर्षाली पुण्याला परत गेली. मधे मधे तिचा फोन येई तेव्हा तिच्या आवाजात कारभारी काहीतरी शोधत राही, आणि फोन ठेवल्यावर लंकाबाईला विचारी, "बरी वाटली ना गं तुला?"

पावसाळ्यात एके संध्याकाळी तिचा फोन आला. परदेशातल्या एका गटाने त्याच झटक्याची जागा वेगळ्या दुर्बिणीने शोधली होती. त्यांनाही तोच डाग सापडला होता. त्यांच्या शोधनिबंधात हर्षालीची दुरुस्ती आधी आली, असं नमूद केलं होतं. ती आनंदात होती, भरभर बोलत होती.

कारभारीने फोन ठेवला आणि तो मटकन खाली बसला. लंकाबाई धावत आली. "काय झालं? पोर बरी हाय ना?"

"बरी हाय." त्याने फोन बाजूला सरकवला. "बाहेरच्या लोकांनी शोधून काढलं ते. पोरगी गप राहिली असती तर त्यांनी सगळ्या जगाला सांगितली असती तिची चूक. मी तिला गप राहा म्हणलो होतो. माझ्याच तोंडानं म्हणलो होतो."

लंकाबाईने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"तिनं ऐकलं नाय तुमचं," ती म्हणाली. "प्या."